ताईंचं मानधन अर्जात लिहा

"ताई, नमस्कार. मराठवाड्यातल्या एका तालुक्यात आमची छोटी नोंदणीकृत संस्था आहे. आईबाप ऊसतोडीला गेले की मुलं मागे आजी-आजोबांजवळ राहतात. त्यांच्यासाठी आम्ही तीन वस्त्यांवर संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. वर्षभर चालते, दिवाळीनंतर मुलं वाढतात. सहा वर्षं झाली. वस्तीवरच्याच तीन मुली शिकवतात. त्यांना महिन्याला अडीच हजार देतो, तेही कधी दोन-दोन महिने थकतात. जिल्ह्यातले डॉक्टर, व्यापारी आणि बाहेरगावी स्थायिक झालेली मंडळी यांनी मिळून एक सामुदायिक निधी उभा केलाय. तो दरवर्षी संस्थांना तीन लाखांपर्यंत अनुदान देतो. गेल्या वर्षी आम्ही तीन लाखांचा अर्ज केला : वीस टॅब, दप्तरं, पुस्तकं. दोन ओळींचं नकारपत्र आलं. यंदा त्यांचा विषय आहे 'डिजिटल शिक्षण'. एक सल्लागार म्हणतात, स्मार्ट क्लासचा प्रस्ताव लिहून देतो, मंजूर झाला की दहा टक्के द्या. आमचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांचं म्हणणं, कुणापुढे हात पसरायचे नाहीत. कार्यकारिणीतले दोघे म्हणतात, वशिल्याशिवाय काही होत नाही. जुने खजिनदार वारले, नवे नेमले, पण धर्मादाय कार्यालयाला हा बदल कळवणारा चेंज रिपोर्ट टाकायचा राहिलाय. शिवाय गावचा एक मुलगा अमेरिकेत असतो, तो पैसे पाठवतो म्हणतोय. घ्यावेत का? अर्जाला महिना उरलाय. काय करू?
– एक सचिव"

सचिवसाहेब, नमस्कार.

तुमच्या अभ्यासिका त्या तीन मुलींवर चालतात, आणि गेल्या वर्षीच्या अर्जात त्या तिघींसाठी तुम्ही एक रुपयाही मागितलेला दिसत नाही. नकाराचं कारण मला इथेच दिसतं. बाकी सगळं नंतर.

मी बरीच वर्षं एका ट्रस्टच्या देणगी समितीवर होते. तिथे अर्ज कसा वाचला जातो ते सांगते, म्हणजे तुमचा कागद त्या टेबलावर कसा दिसला असेल याचा अंदाज येईल. पहिलं पान वाचतात, मग मधली पानं सोडून थेट अंदाजपत्रकावर येतात. 'सर्वांगीण विकास', 'सक्षमीकरण', 'मुख्य प्रवाहात आणणे' हे शब्द प्रत्येक अर्जात असतात, त्यामुळे त्यावरून कुणाचाच अर्ज वेगळा पडत नाही. अंदाजपत्रकात मात्र संस्था उघडी पडते. तुमच्या पानावर काय होतं? वीस टॅब, दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास असतील. बाकी दप्तरं आणि पुस्तकं. समितीतल्या एखाद्या व्यापाऱ्याने लगेच विचारलं असणार : रात्री हे टॅब ठेवणार कुठे? चार्जिंग कोण करणार? काच फुटली तर? नेटचे पैसे कोण भरणार? आणि टॅब मुलांच्या हातात देणारं माणूस कोण, त्याला पगार कोण देतं? अर्जात त्या माणसाचा पत्ताच नाही. मग समितीच्या मनात दोनच शक्यता उरतात. एक तर हे लोक खर्च लपवताहेत, नाहीतर त्यांनी विचारच केलेला नाही. दोन्हीचा शेवट दोन ओळींच्या पत्रात होतो.

'पगाराला कोणी पैसे देत नाही' असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं असणार. हे वाक्य तालुक्यातालुक्यात फिरत असतं. काही देणगीदार तसे असतात, खरं आहे. त्यांना वस्तू द्यायला आवडतं, वस्तूचा फोटो निघतो, वस्तूवर नाव घालता येतं. पण माणसाशिवाय शिकवणं होत नाही हे न कळणारी समिती मी क्वचितच पाहिली. मानधन मागितलं म्हणून अर्ज गेला, असं सहसा होत नाही. मानधन कुठून येणार हे सांगितलं नाही म्हणून अर्ज गेलेले मात्र ढीगभर पाहिलेत.

आता कागद घ्या आणि खरा खर्च मांडा. मी तुमच्या पत्रावरून एक मांडणी करते, आकडे तुम्ही तुमचे घाला. शिकवणाऱ्या तीन ताई, प्रत्येकी चार हजार, बारा महिने : १,४४,०००. चार हजार का, तर रोज दोन-अडीच तास वर्ग, वर महिन्यातून दोनदा घरोघरी जाणं, या कामाला अडीच हजार हे मानधन म्हणायलाही संकोच वाटतो. पुस्तकं, वह्या, फळे, खडू : ३६,०००. तुमचा किंवा जो कुणी तिन्ही वस्त्यांवर जाऊन बघतो त्याचा पेट्रोलचा आणि फोनचा खर्च : १८,०००. हिशेब लिहिणारा आणि ऑडिट : १५,०००. ताईंचं प्रशिक्षण, वर्षातून दोनदा : १२,०००. वीजबिल, बल्ब, बॅटरीवरचा दिवा, झाडू, पाण्याचा माठ : ९,०००. बेरीज २,३४,०००.

आज तुम्ही गावातून किती उभे करता? तिघींचं सध्याचं मानधनच वर्षाला नव्वद हजार होतं. वरचा किरकोळ खर्च धरून एक लाख दहा हजार तरी तुम्ही दरवर्षी जमवत असणार. तो आकडा अंदाजपत्रकात वेगळ्या रकान्यात, ठळक लिहा. 'एकूण खर्च २,३४,०००. गावातून जमणारे १,१०,०००. आपल्याकडे मागणी १,२४,०००.' मर्यादा तीन लाखांची आहे म्हणून तीन लाख मागायचे नसतात. ज्या संस्थेचं वर्षभराचं सगळं काम लाख-सव्वा लाखात चालतं ती एकदम तीन लाख मागते, तेव्हा वाचणाऱ्याला पहिली शंका हीच येते की एवढे पैसे यांना पचतील का. याउलट निम्मा खर्च स्वतः उचलणारी संस्था बाकीचा निम्मा मागते, तेव्हा समितीला ती भागीदारी वाटते. शक्य असेल तर एका वर्षाऐवजी दोन वर्षांसाठी मागा, आणि दुसऱ्या वर्षी गावाचा वाटा थोडा वाढवून दाखवा. पण तो वाढवता येणार असेल तरच. कागदावर वाढवलेला वाटा पुढच्या मार्चमध्ये तुमच्याच अंगावर येतो.

ऑडिटची फी आणि पेट्रोल लिहायला लाजू नका. सगळे खर्च दाखवून 'व्यवस्थापन' मात्र शून्य लिहिणाऱ्या संस्थेचं मला कौतुक वाटत नाही, काळजी वाटते. ते पैसे कुणाच्या तरी खिशातून जात असतात, आणि तो खिसा बहुतेक वेळा सचिवाचा असतो.

हप्त्यांचंही आत्ताच विचारून ठेवा. अनुदान एकरकमी क्वचित मिळतं. पहिला हप्ता, मग खर्चाचा तपशील आणि उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला), मग दुसरा. दोन हप्त्यांच्या मध्ये दोन-तीन महिन्यांची फट पडते. तुमच्याकडे ती फट नेमकी दिवाळीनंतर आली, म्हणजे मुलं सर्वांत जास्त असताना, तर ताईंचे पैसे पुन्हा थकणार. म्हणून हप्त्यांचे महिने हंगामाप्रमाणे मागा. पहिला हप्ता ऑक्टोबरच्या आत, दुसरा फेब्रुवारीत, आणि का ते दोन वाक्यांत लिहा. ऊसतोडीच्या टोळ्या कधी निघतात आणि कधी परततात हे जिल्ह्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. स्थानिक निधीकडे जाण्याचा हाच मोठा फायदा. दिल्लीतल्या कुणाला हे समजावताना अर्ध पान जातं.

आता 'डिजिटल'. असे विषय का येतात ते आधी समजून घ्या. सामुदायिक निधी ही कल्पना रूपाला आली १९१४ साली, अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात. फ्रेडरिक गॉफ नावाचे बँकर होते. लोक मृत्युपत्रात फार बारीक अटी घालून पैसे ठेवतात, पन्नास वर्षांनी त्या अटींना अर्थ उरत नाही आणि पैसे अडकून पडतात, ही त्यांची अडचण होती. त्यावर त्यांनी तोड काढली : शहराचा एकच निधी, आणि त्या त्या काळातली गरज पाहून खर्च ठरवणारी स्थानिक माणसांची समिती. आपल्याकडे मुंबईत १९९१ पासून बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट याच धर्तीवर उभा आहे. तुमच्या जिल्ह्यातला निधी त्याच जातकुळीतला दिसतो. अशा निधीत साधारण दोन प्रकारचे पैसे असतात. काही देणगीदार 'योग्य वाटेल तिथे वापरा' म्हणून देतात. काही जण 'फक्त शिक्षणाला', 'फक्त डोळ्यांच्या शिबिरांना', 'फक्त संगणकांना' असं बांधून देतात. यंदाचा डिजिटलचा आग्रह बहुधा कुणा एका मोठ्या देणगीदाराचा असेल. याचा अर्थ न बांधलेले पैसे संपले असा होत नाही.

म्हणून अर्ज लिहायच्या आधी फोन करा. सल्लागाराला नव्हे, निधीच्या कार्यालयाला. जे कुणी अर्ज हाताळतात त्यांना तीन गोष्टी विचारा. गेल्या वर्षी आमचा अर्ज कशामुळे मागे पडला? यंदा डिजिटल सोडून सर्वसाधारण अनुदान आहे का? मानधनाचा खर्च चालतो का, आणि किती टक्क्यांपर्यंत? हे विचारल्याने कुणी नाराज होत नाही. उलट महिनाभर आधी फोन करणारी संस्था त्यांच्या लक्षात राहते, कारण बाकीचे शेवटच्या दिवशी संध्याकाळी 'मेल पोचला का' एवढंच विचारायला फोन करतात. कारण सांगायला त्यांनी टाळाटाळ केली तरी 'सुधारणा करून पुन्हा अर्ज करू का' एवढं विचारा. त्या उत्तराच्या सुरावरून पुष्कळ कळतं.

समजा उत्तर आलं की यंदा फक्त डिजिटल. मग तुमच्या कामात डिजिटल खरोखर कुठे बसतं ते पाहा. तीन ताईंना प्रत्येकी एक टॅब, त्यावर गोष्टींची पुस्तकं, हजेरी, आणि रविवारी ऊसतोडीच्या फडावर असलेल्या आईबापांशी मुलांचा व्हिडिओवरून बोलण्याचा तास. असं काही तुम्हाला आधीपासून हवं असेल तर जरूर मागा. पण तीन बांधीव खोल्या, प्रोजेक्टर, इन्व्हर्टर असा स्मार्ट क्लास तुम्हाला नको असताना केवळ पैसे तिथे आहेत म्हणून मागू नका. मिळाला तर पुढची दोन वर्षं तुम्ही त्या यंत्रांची राखण कराल आणि ताई सोडून जातील. फक्त स्मार्ट क्लासलाच पैसे असतील तर यंदा अर्ज करू नका. निधीला एक साधं पत्र पाठवा, 'आमचं काम यंदाच्या विषयात बसत नाही, पुढच्या वर्षी सर्वसाधारण अनुदानासाठी अर्ज करू, तोवर एकदा येऊन पाहा.' असं पत्र समितीकडे इतकं क्वचित येतं की ते चार जणांना दाखवलं जातं.

देणगीदाराची प्रत्येक अट वाईट असते असं मी म्हणत नाही. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला आपल्या आईचं, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं, नाव दिलं जावं अशी अट घातली. कर्व्यांनी ती मान्य केली. पाटी बदलली, बायकांच्या उच्च शिक्षणाचं काम तेच राहिलं. तुमच्या अभ्यासिकेच्या दारावर निधीने आपलं नाव लावायला सांगितलं तर लावा, दोन लावा. वर्गात काय चालतं ते निधीवाले ठरवू लागले की मात्र थांबा.

सल्लागारांबद्दल थोडक्यात : नको. मिळालेल्या देणगीतून टक्केवारी घेणं निधी उभारणाऱ्यांच्या व्यवसायात जगभर गैर मानलं जातं, पण तत्त्व बाजूला ठेवा आणि नुसता हिशेब बघा. तीन लाखांचे दहा टक्के म्हणजे तीस हजार. ते अंदाजपत्रकात कुठल्या शीर्षाखाली दाखवणार? दाखवता येणार नाहीत. मग दप्तरांच्या बिलात चढवायचे, नाहीतर कुणाच्या नावाने खोटं व्हाउचर करायचं. सही खजिनदारांची आणि तुमची असणार, त्या गृहस्थांची नव्हे. आणि स्मार्ट क्लासचा तोच प्रस्ताव नावं बदलून त्यांनी आणखी पाच संस्थांना लिहून दिला असेल, तर समितीच्या टेबलावर सहा अर्ज एकाच भाषेतले येतात. हे ओळखायला दहा मिनिटं लागत नाहीत. लिहायला मदत हवीच असेल तर तालुक्याच्या कॉलेजातल्या एखाद्या मराठीच्या किंवा अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना बसवा. काम तुमच्या तोंडून ऐकून त्यांनी ते नीट लिहावं, एवढंच. कुणाला ठरावीक फी देणार असाल तर कामाआधी ठरवा, चेकने द्या, आणि मंजुरीशी तिचा संबंध ठेवू नका.

मुख्याध्यापक सरांचं मन वळवणं हे मला या सगळ्यात जास्त अवघड दिसतं, कारण त्यांच्या म्हणण्यात स्वाभिमान आहे आणि तो खोटा नाही. त्यांना अंताजी दामोदर काळ्यांची आठवण करून द्या. देशी उद्योगांसाठी घरटी एक पैसा मागत ते महाराष्ट्रभर फिरले, त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावचा काचकारखाना उभा राहिला. मास्तरांच्या पिढीला ही गोष्ट सांगावी लागणार नाही, तेच तुम्हाला सांगतील. दुसरी गोष्ट जरा रुक्ष आहे, पण सरांना पटेल. आयकराची सवलत घेणाऱ्या ट्रस्टला वर्षाच्या उत्पन्नाचा निदान ८५ टक्के भाग आपल्या उद्दिष्टांवर खर्चावा लागतो, नाहीतर पैसे का साठवले ते नियमाप्रमाणे कळवावं लागतं. म्हणजे चांगल्या संस्था शोधणं ही त्या निधीचीही गरज आहे. मार्च जवळ आला की कुणाला द्यावं म्हणून समित्या अक्षरशः कासावीस झालेल्या असतात. सरांना अर्जावर सही करायला सांगू नका, अंदाजपत्रक तपासायला सांगा. ज्या माणसाने आयुष्यभर शाळेचे हिशेब पाहिले त्याला बेरजेतली चूक दिसते, आणि एकदा ती दुरुस्त केली की तो अर्ज त्याचाही होतो.

वशिल्याबद्दल कार्यकारिणीतले दोघे बोलतात त्यात थोडं तथ्य आहे. निधी स्थानिक, विश्वस्त स्थानिक, एकमेकांची सोयरीक, दवाखाना, दुकान. ओळखीचा अर्ज आधी वाचला जातो हे मी नाकारणार नाही. पण त्यावर उपाय साधा आहे : तुमचीही ओळख होऊ द्या. समितीतल्या माणसांना एका संध्याकाळी वस्तीवर बोलवा. सत्कार नको, हार-नारळ नको, भाषण तर मुळीच नको. सहा वाजता वर्ग भरतो तसा भरू द्या. कुणी विश्वस्त तुमच्या नात्यातला निघालाच तर ते अर्जातच एका ओळीत लिहून टाका, त्याने त्या बैठकीत मत देऊ नये ही अपेक्षाही लिहा. उघडं केलेलं नातं अडचणीचं ठरत नाही.

चेंज रिपोर्टचं मात्र मी तुम्हाला रागावूनच सांगणार आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांमध्ये बदल झाला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचं असतं. तुम्ही कळवलं नाही. म्हणजे आज परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीत, वारलेले खजिनदार हयात आहेत, आणि तुमच्या अर्जावर ज्यांची सही आहे ते कागदोपत्री कुणीच नाहीत. निधीच्या कार्यालयातला कारकून पहिलं काम करतो ते हेच, अर्जावरची नावं उताऱ्याशी ताडून बघतो. गेल्या वर्षीचा नकार टॅबमुळे नसून यामुळेच असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. विलंब माफीच्या अर्जासह चेंज रिपोर्ट या आठवड्यात दाखल करा. सोबत सभेची सूचना, इतिवृत्त, ठराव, नव्या खजिनदारांचं संमतीपत्र आणि जुन्यांचा मृत्यूचा दाखला. मंजुरी महिन्यात होणार नाही, पण दाखल केल्याची पोच अर्जाला जोडता येते, आणि बहुतेक समित्या ती धरतात. बँकेत सह्यांचे अधिकार कुणाकडे आहेत तेही पाहा. वारलेल्या माणसाची सही अजून चालू असलेली खाती मी पाहिली आहेत.

बाकी कागद तुमच्याकडे असतीलच : नोंदणी प्रमाणपत्र, तीन वर्षांचे ऑडिट अहवाल, पॅन, आणि आयकराची ती नोंदणी जिला सगळे १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला सवलत) आणि ८०जी (देणगी देणाऱ्याला सवलत) म्हणूनच ओळखतात. ती पूर्वी एकदा झाली की झाली असायची. २०२१ पासून तिला मुदत असते, तेव्हा तुमची कधी संपते ते प्रमाणपत्रावर बघून घ्या. निती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवर नोंद नसेल तर करून टाका. पुढे एखाद्या कंपनीकडे सीएसआरसाठी, म्हणजे तिच्या सामाजिक कामांच्या पैशांसाठी, गेलात तर कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा फॉर्मही भरलेला लागतो. पण त्या वाटेला एवढ्यात जाऊ नका, आधी घरचं हे एक अनुदान नीट पार पाडा.

अर्जात कामाचा पुरावा काय द्यायचा हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण इथे संस्था हमखास घसरतात. 'मुलांचे गुण ८० टक्क्यांपर्यंत वाढतील' असलं काही लिहू नका. गुण शाळा देते, ते तुमच्या हातात नाहीत. तुमच्या हातात आहे ते वाचन. प्रथम संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून जे 'असर' सर्वेक्षण होतं त्यातली वाचनाची चाचणी साधी आहे आणि कुणालाही वापरता येते. एका कागदावर अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद आणि एक गोष्ट. मूल कुठपर्यंत वाचू शकतं तेवढं नोंदवायचं. एका मुलाला पाच मिनिटं लागतात. ताईंनी या आठवड्यात सगळ्या मुलांची करावी आणि वहीत लिहून ठेवावी, म्हणजे अर्जात 'आज आमच्याकडची इतकी मुलं फक्त शब्द वाचतात, इतकी परिच्छेद वाचतात' असं लिहिता येईल. तीच चाचणी पुन्हा हंगाम संपताना. सोबत हजेरीच्या वहीचं एक पान जोडा, खाडाखोड असलेलं असलं तरी चालेल. खरं तर खाडाखोड असलेलंच जोडा. एका हातानं, एका पेनानं, एकाच बैठकीत भरलेली हजेरी आम्हाला लांबून ओळखू यायची.

मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो घालू नका. आईबाप जवळ नसलेल्या मुलांचे तर नाहीच नाही. ताई फळ्यापाशी उभी आहे आणि मुलं पाठमोरी आहेत, एवढा एक फोटो पुरतो.

गावातून जे एक लाख दहा हजार येतात त्या माणसांकडेही लक्ष असू द्या. मोठं अनुदान आलं की संस्था लहान देणगीदारांना विसरते आणि अनुदान थांबलं की त्यांच्या दारात जायला तोंड उरत नाही. प्रत्येकाला पावती द्या. ८०जी असेल तर वर्षभराच्या देणग्यांचं विवरण ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे भरा, त्याशिवाय देणाऱ्याला सवलतीचं प्रमाणपत्र मिळत नाही. आणि दोन हजारांवर रोख दिलेल्या देणगीला ती सवलत नसते हे देणाऱ्याला आधीच सांगा, म्हणजे तो चेक देईल किंवा यूपीआय करेल.

राहिला अमेरिकेतला मुलगा. त्याला एकच प्रश्न विचारा : पासपोर्ट कुठला आहे? अजून भारताचा असेल आणि तो आपल्या कमाईतून नेहमीच्या बँक मार्गाने तुमच्या खात्यात पैसे पाठवणार असेल, तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. पासपोर्टची प्रत आणि त्याचं एक पत्र फाइलला लावा आणि पैसे घ्या. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, भले हातात भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असो, तर ते विदेशी अंशदान होतं आणि एफसीआरए या विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय तुम्हाला एक डॉलरही घेता येत नाही. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी असावी लागते, ती तुमची आहे. पण गेल्या तीन वर्षांत मुख्य कामावर १५ लाख खर्च केलेला असावा लागतो, तो तुमचा नाही. 'काकांच्या खात्यावर पाठवतो, ते तुम्हाला देतील' असं तो म्हणेल. नको. दुसऱ्याच्या हातून फिरून आलेले पैसेही कायदा विदेशीच धरतो. तुमच्या जिल्ह्याचा निधी स्वतः एफसीआरएधारक असला तरी तोही ते तुमच्याकडे वळवू शकणार नाही, कारण २०२० च्या दुरुस्तीनंतर विदेशी देणगी एका संस्थेने दुसरीला देणं बंद झालंय. तेव्हा मुलाला हे सगळं समजावून सांगा, आणि पुढच्या वेळी गावी येईल तेव्हा आठवडाभर वर्गावर बसवा. त्यासाठी कुणाच्याच परवानगीची गरज नाही.